पंडुमाआधीच्या कैऱ्या

धानोऱ्यात बसस्टँडमागच्या गल्लीत एक न लिहिलेला नियम पाळला जातो. ज्योत्स्ना भांडेकर घरात आली की चालू वस्तूंवर कपडा टाकायचा. बंद पडलेली वस्तू ती सुरू करून देते, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण चांगली चालणारी वस्तूही ती उघडून पाहते, आणि पुढचं सगळं त्या वस्तूच्या नशिबावर. शेजारच्या शकुबाईंचा कुलर असाच, "आवाज काऊन येऊन राह्यला बाई?" एवढ्या चौकशीवरून, अंगणात सुटा होऊन पडला होता. संध्याकाळी तो पुन्हा उभा राहिला, हवाही आधीपेक्षा जोरात फेकू लागला, पण दोन स्क्रू उरले. ते शकुबाईंनी देव्हाऱ्यात ठेवलेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला प्रसादासारखे दाखवतात.

ज्योत्स्नाचं माहेर बल्लारपूरचं. वडील पेपर मिलमध्ये कामाला, घर रुळांच्या इतकं जवळ की गाडी गेली की ताटातली वाटी सरकायची. "तिथीच तिले हालाची सवय लागली," हे शकुबाईंचं निदान. लग्न करून ती धानोऱ्याला आली ती लोकेशभाऊंच्या घरी. लोकेशभाऊ तहसील कचेरीत बाबू. जोडी लावताना वरच्याने गंमत केली ती अशी, की हा माणूस एकदा बसला की खुर्चीचाच एक भाग होतो. बायको घरभर फिरत असते, आणि ती टीव्हीच्या आड आली की हे तिला नुसते मानेने बाजूला करतात.

पोरगा निकेश शिकायला नागपूरला गेला आणि ज्योत्स्नाच्या हाताला काही उरेना. त्या वर्षी तिने मिक्सर उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं, दाराचं कुलूप उघडलं आणि शेवटी लोकेशभाऊंच्या गाडीचा हॉर्न. हॉर्न नंतर वाजायचा, पण ब्रेक दाबल्यावर. तहसीलच्या आवारात लोकेशभाऊ आले की लोक बाजूला व्हायचे, आणि त्यांना वाटायचं मान वाढला.

अशात एका संस्थेने गडचिरोलीला शिबिर घेतलं. लहान पोरांना हाताने करून पाहायचं विज्ञान शिकवायचं, आठवड्यातून एकदा, आवडीने येईल त्याने यायचं. ज्योत्स्ना गेली आणि येताना पत्र्याची एक निळी पेटी घेऊन आली. पेटीत लोहचुंबक, भिंगं, तारा, फुगे, छोटे एलईडी दिवे आणि पत्रे ठोकायचे जस्त चढवलेले खिळे. गाव मिळालं कोसमटोला. धानोऱ्यापासून स्कुटीने जंगलातून जायचं, पुढे नाला, नाल्यापलीकडे टेकडीच्या पायथ्याशी गोंडांची घरं आणि चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. तिथले सुनिल गुरुजी मूळचे चिमूरचे. एकटे चार वर्ग हाकून दमलेले. त्यांनी पेटी पाहिली, बाई पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोज आल्या तरी चालते."

ती शनिवारी जायला लागली. कागदाची भिरभिरी झाली, फुग्याच्या गाड्या झाल्या, नाल्याच्या वाळूतून चुंबकाने काळा चुरा गोळा करून झाला. पोरं आपसात गोंडीत बोलत, तिच्याशी मराठीत, आणि तिला म्हणत 'खिळेवाली मॅडम'. तिसरीतली सुकरी नावाची एक पोरगी होती, मोठ्या डोळ्यांची, तोंडाने गरीब आणि मनाने बिलंदर. ती गावच्या गायत्याची नात. गायता म्हणजे गावाच्या देवाधर्माचं, सणावाराचं पाहणारा माणूस. वारलू त्यांचं नाव. सुकरी कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायची, मग खालून पाहायची. ज्योत्स्नाला तिच्यात आपलंच बालपण दिसायचं, आणि जरा भीतीही वाटायची.

गल्लीला मात्र खरा चमत्कार घरी दिसला. शनिवारी परत आली की ज्योत्स्ना ओसरीवर बसायची. नुसती बसायची. हातात चहाचा कप, आणि कप गार होईपर्यंत हात हलत नसे. पहिल्यांदा हे पाहून शकुबाई धावत आल्या.

"ताप आहे का वो?"

"नाई वो बाई. बसली आहो."

"हो तं. बसलीच दिसून राह्यली, म्हणून तं इचारलं."

आतून लोकेशभाऊ म्हणाले, "बोलू नका शकुबाई. उठन ती." त्यांचंही आता शनिवारकडे डोळे लावून बसणं सुरू झालं होतं. शनिवारच्या त्या वर्गाला ते 'खिळे-काड्यायचा खेळ' म्हणत, पण शनिवारी सकाळी स्कुटीत पेट्रोल आहे का ते स्वतः पाहत. हे शनिवार गेले तर या बाईचं काय होईल, हा विचार दोघांनाही करवत नव्हता. आणि ते जवळजवळ गेलेच.

एप्रिलची सुरुवात. मोहफुलं पडायचा हंगाम, पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली. पोरं वेचून वेचून दमून शाळेत येत. ज्योत्स्नाने त्या दिवशी लिंबात तार आणि खिळा टोचून दिवा लावायचं ठरवलं होतं. पण उन्हाळ्यात धानोऱ्याच्या बाजारात लिंबं मिळाली ती वाळून कातडं झालेली. खिळा टोचला की रस यायच्याऐवजी धूळ येईल अशी. ती चरफडत शाळेत पोचली आणि पाहते तर शाळेमागच्या आंब्याला कैऱ्या लटकलेल्या. आंबट तर आंबट, काय फरक पडतो, म्हणून तिने बांबू घेतला आणि घोसच्या घोस पाडले.

पोरं गप्प झाली. एकही जण कैरी उचलायला पुढे आला नाही. ज्योत्स्नाने विचार केला, आज लक्ष किती छान आहे. सुनिल गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेलेले, त्यामुळे ही शांतता कशाची हे सांगायला मोठं माणूस कोणी नव्हतं.

"काऊन गा पोट्टेहो, दात शिवशिवून राह्यले का आत्ताच?"

कोणी हसलं नाही. सुकरीने आंब्याकडे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं, मग पायाकडे.

ज्योत्स्नाने स्वतःच कैऱ्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीत एका बाजूला तांब्याची तार, दुसऱ्या बाजूला खिळा, एकीची तार दुसरीच्या खिळ्याला. शेवटी लाल दिव्याचे दोन पाय जोडले. काही झालं नाही. तिने पाय उलटे जोडले. दिवा लागला. बारीकसा, विडीच्या टोकासारखा, पण लागला.

मग मात्र जे व्हायचं ते झालं. पोरं सगळं विसरली आणि एकमेकांच्या अंगावर पडली. सुकरीने एक कैरी काढली की दिवा विझतो, लावली की लागतो, हे इतक्या वेळा करून पाहिलं की बाकीच्यांनी तिला ओढून बाजूला केलं. आनंदाच्या भरात ज्योत्स्नाने उरलेली एक कैरी चिरली, डब्यातलं तिखटमीठ काढलं आणि फोड तोंडात टाकली. पोरांपुढे फोडी धरल्या. कोणी घेतली नाही. दुसरीतला झाडू नावाचा पोरगा मात्र मॅडम खाऊन राहिली म्हटल्यावर धीट झाला. त्याने हात लावला तो फोडीला नाही, तर खिळा काढून टाकलेल्या कैरीला. चार घास खाल्ल्यावर ज्योत्स्नाचं लक्ष गेलं. तिने हातातून ओढून घेतली, तोवर कैरीत बाठ्याशिवाय काही उरलं नव्हतं.

दुपारी झाडूला ओकाऱ्या सुरू झाल्या. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी त्याला साखरमिठाचं पाणी पाजून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, आणि तो बरा झाला. ज्योत्स्ना त्या बाकड्याभोवती इतक्या फेऱ्या मारत होती की नर्सबाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच लेटा थोड्या, मले चक्कर येऊन राह्यली." झाडूची आई कोपऱ्यात उभी होती. तिने ज्योत्स्नाकडे एकदाही पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात निळी पेटी आणि ज्योत्स्ना. बस. पोरं नाहीत. सुनिल गुरुजी खडू हातात फिरवत तिच्याजवळ आले.

"मॅडम, आंब्याले हात लावाच्या आधी मले एक फोन करत्या तं."

"काऊन? शाळेचा आंबा आहे ना."

"झाड शाळेचं आहे. आंबा देवाचा आहे." गुरुजींनी मग समजावून सांगितलं. या गावात मरका पंडुम होतो. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. गायता ठरवतो त्या दिवशी पहिला आंबा देवाला आणि पूर्वजांना दाखवतात, मग गाव खाते. त्याआधी झाडाखालची कैरीसुद्धा कोणी तोंडाला लावत नाही. लावली तर गावावर काहीबाही येतं, असं मानतात. "आणि तुम्ही तं," गुरुजी म्हणाले, "तिखटमीठ लावून खाल्ली."

"पोट्टे सांगत काऊन नाई मंग?"

"मॅडमले कोण सांगन?"

गाव तिला काही बोललं नव्हतं. भांडण नाही, शिव्या नाहीत. फक्त शनिवारी पोरं पाठवायची नाहीत, एवढंच ठरलं होतं, आणि ते शांतपणे ठरलेलं असल्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. ज्योत्स्ना घरी आली आणि त्या संध्याकाळी ओसरीवर बसली नाही. तिने शकुबाईंच्या गॅसच्या शेगडीचा बर्नर उघडला.

रविवारभर ती भाषण तयार करत होती. कैरीतलं आम्ल, तारेतून जाणारी वीज, झाडूचं पोट. एक मोठा कागद घेऊन तिने त्यावर चित्रंही काढली. लोकेशभाऊंनी तो कागद खुर्चीतूनच पाहिला.

"हे वारलूभाऊले दाखवणार आहे तू?"

"हो."

"मंग पेटी परत कराचीच आहे तं सरळ करून दे. कागद काऊन खराब केला?"

ती चिडली, पण कागद गुंडाळला तो गुंडाळलाच राहिला. रात्रभर तिच्या डोक्यात झाडूचं पोट फिरत होतं. कारण पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलेला एक कागद होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, प्रयोगाला वापरलेलं फळ खायचं नाही, टाकून द्यायचं. शिबिरात हे तिनेच बाकीच्यांना दोनदा बजावलं होतं. खिळ्याचं जस्त रसात उतरतं. आणि तिने काय केलं, तर पोरांसमोर, प्रयोग चालू असताना, शेजारीच बसून कैरी खाल्ली. लहान पोराला ही कैरी आणि ती कैरी यातला फरक कसा कळणार.

सोमवारी ती वारलूच्या अंगणात जाऊन उभी राहिली. वारलू बांबूच्या कामट्या तासत होते. बसायला बाज दाखवली. ती बसली, उठली, पुन्हा बसली.

"वारलूभाऊ, माह्याकडून चूक झाली."

वारलूंनी कामटी तासणं थांबवलं नाही. "तुमच्यात पंडुम नसते. तुमाले काय माहीत."

"तेच सांगाले आली. आमच्यातही तो आंबा खाचा नसते."

आता हात थांबला.

तिने सांगितलं. खिळा टोचला की फळ खायचं नाही, हा नियम, पेटीवर लिहिलेला, तिने स्वतः मोडला. "तुमच्या हिशेबानं मी चुकली, आणि माह्याही हिशेबानं चुकली. दोन्हीकडून एकच आंबा वर्ज्य होता, आणि मी तोच पोराच्या हाती पडू देला. तुमी पोट्टे नाई पाठवले ते बरोबरच केलं. पण मले दंड काय ते सांगा. हे असं न सांगता बंद नका करू. मले राहावत नाई."

वारलूंनी तिच्याकडे पाहिलं. मग ओटीवर उभ्या असलेल्या सुकरीकडे, जिने हे सगळं ऐकू येत नसल्यासारखं तोंड केलं होतं.

"तुमच्यातही नियम आहे मंग," वारलू म्हणाले. त्यांना या गोष्टीचं जरा आश्चर्य वाटलेलं दिसलं. "मले वाटे, तुमच्यात सगळं चालते."

संध्याकाळी गावातली माणसं बसली आणि ठरलं. पंडुमाच्या दिवशी मॅडमच्या घरून एक कोंबडा यावा. देवाच्या ठिकाणी बाया जात नाहीत, तेव्हा तिच्या वतीने घरचा पुरुष येऊन बसेल, हात जोडेल. मॅडमने त्या दिवशी शिवेवर थांबायचं आणि सगळं उरकेपर्यंत गावातल्या कशालाच हात लावायचा नाही. त्यानंतर पोरांचं पाहू.

"घरचा पुरुष म्हणजे कोण?" ज्योत्स्नाने घरी येऊन हे सांगितल्यावर लोकेशभाऊंनी विचारलं.

"घरात किती आहेत?"

लोकेशभाऊंनी खुर्चीकडे प्रेमाने पाहिलं, जणू जन्माची ताटातूट.

पंडुमाच्या सकाळी गल्लीने जो देखावा पाहिला तो शकुबाई अजून सांगतात. स्कुटीवर पुढे ज्योत्स्ना, मागे लोकेशभाऊ, त्यांच्या मांडीवर पिशवीत कोंबडा, आणि कोंबड्याने डोकं बाहेर काढून ठेवलेलं. "तिघातला एकच खुश दिसे," शकुबाई म्हणतात, "आणि त्याले ठाऊक नव्हतं कुठी जाऊन राह्यलो."

लोकेशभाऊ माणसांबरोबर टेकडीकडे गेले. ज्योत्स्ना शिवेवरच्या ऐनाच्या झाडाखाली बसली. समोर हातपंप होता. बायका पाणी भरायला येत होत्या, आणि दांडा वर गेला की पंप असा काही किंचाळायचा की तिच्या दाढा कळवळायच्या. वायसर गेला होता. तिला आवाजावरून कळत होतं. स्कुटीच्या डिक्कीत पाना होता. वायसरही होता, कारण तिच्या डिक्कीत सगळंच असतं. तिने हात मांडीखाली दाबले.

एक म्हातारी हंडा भरून तिच्याजवळ टेकली. "मॅडम, पंप खराब हाये."

"हो बाई. दिसते."

"तुमाले येते म्हणतात."

"आज नाई येत."

म्हातारी हसली. मग दुसरी आली, तीही मुद्दाम तेच म्हणाली, आणि ती गेल्यावर तिसरी. तिसरीपर्यंत ज्योत्स्नाच्या लक्षात आलं की या बायका पाणी भरायला येत नाहीयेत. हंडे आधीच भरलेले आहेत. खिळेवाली मॅडम हात न हलवता किती वेळ बसते, हा गावातल्या बायकांचा त्या दिवशीचा तमाशा होता. झाडूची आई मात्र आली, पाणी भरलं आणि गेली. तिने दांडा हळू मारला, पंप कमी किंचाळला.

ऊन वर चढलं, उतरू लागलं. टेकडीवरून ढोल ऐकू यायचा, थांबायचा. तिच्या मनात एक एक शनिवार येऊन उभा राहत होता, आणि गाव नाही म्हणालं तर घरातलं काय काय उघडायचं उरलंय ते ती मोजत होती. इतका वेळ ती जन्मात कधी बसली नव्हती, बल्लारपूरच्या शाळेत अंगठे धरून उभं केलं होतं तेव्हाही तिने बुटाची नाडी सोडून पाहिली होती.

लोकेशभाऊ आले तेव्हा त्यांचं एक पाऊल धानोऱ्याकडे आणि एक टेकडीकडे पडत होतं. कपाळाला तांदूळ चिकटलेले, तोंडभर हसू. सोबत वारलू.

"मस्त माणसं आहेत," लोकेशभाऊंनी जाहीर केलं. "माह्यावाली खुर्ची इथीच टाकतो मी."

"काय ठरलं ते सांगा ना जी."

"ते मी इसरलो. वारलूभाऊ, तुमीच सांगा."

वारलूंनी सांगितलं. पोरं येतील. पण गावातलं पान, फूल, फळ, माती, जे घ्यायचं ते आधी विचारून. मोठं माणूस नसलं तर पोरांना विचारायचं. त्यांना माहीत असतं. आणि झाडूची आई नाही म्हणते. तो तिचा प्रश्न, गाव त्यात पडणार नाही. मग त्यांनी पानात गुंडाळलेल्या कैरीच्या फोडी पुढे केल्या. ज्योत्स्नाने एक घेतली. तिखटमीठ न मागता खाल्ली.

"आता पंप पाहा," वारलू म्हणाले. "बायायनं डोकं खाल्लं."

तेव्हापासून शनिवार पुन्हा सुरू आहेत. ज्योत्स्ना शाळेत जायच्या आधी झाडूच्या घरी थांबते. त्याची आई पाण्याचा लोटा देते, झाडूला मात्र सोबत देत नाही. ज्योत्स्ना पाणी पिते आणि पुढे जाते. घरी ओसरीवर बसली तरी आता तिचा एक पाय हलत असतो. शकुबाई म्हणतात, सुधारणा आहे. लोकेशभाऊ म्हणतात, तो पाय कोसमटोल्याचा आहे.

विचारायचं वचन तिने असं धरलं आहे की गुरुजी वैतागले. वाळू घेऊ का, बांबूची काडी घेऊ का, हा दगड चालतो का, तो किडा कोणाचा आहे का. पोरं आधी अवघडली, मग सवयीची झाली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या हाती काय लागलंय.

परवाच्या शनिवारी तराजू करायचा होता, वजनाला मोहाच्या बिया, म्हणजे टोया. "सुकरी, मोहाच्या टोया तोलाले घेतल्या तं चालते का?"

सुकरीने मागे पाहिलं, बाकीच्यांनी वर छताकडे पाहिलं. "टोया चालते मॅडम. पण आज वहीत लिवाले नाई चालत. आमच्यात मनाई हाये."

"लिहाले?"

"हो. आज फक्त खेळाले चालते."

ज्योत्स्नाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी चिमूरचे, त्यांनी खांदे उडवले. पोरांचे चेहरे इतके सात्त्विक की शंका घेणंच पाप वाटावं. शेवटी ती स्वतः वारलूंच्या अंगणात गेली आणि विचारलं. वारलूंनी कामटी खाली ठेवली, डोळे मिटले आणि बराच वेळ विचार केला.

"पोट्टी म्हणते तं असन," ते म्हणाले, आणि गमछाने तोंड पुसायला लागले. पुसतच राहिले.

ज्योत्स्ना परत आली आणि वह्या पेटीत बंद केल्या.